पंधरा सेकंदांची मावशी

"एक डाव बोलून दाखवा ना, मावशी."

टेबलामागच्या बाबूने हे म्हणता म्हणता माझा अर्ज खाली ठेवला. वाचला नव्हता. अर्जाकडे पाहायच्या आधी त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. मग मागे वळून हाक मारली, "अरे या ना इकडं. पाहा कोन आलं! आंगठ्यावाली मावशी!"

वर्ध्यातलं एक सरकारी ऑफिस. कोणतं ते लिहीत नाही, सगळी सारखीच. अकरा वाजून गेले होते. मी बोरगाव मेघेहून पायी आले होते. हातात थैली, थैलीत रेशन कार्ड, आधार कार्ड आणि दोन्हींच्या झेरॉक्स. तीन टेबलांवरची माणसं उठून आली. एक मॅडम चहाचा कप घेऊनच आल्या. दोघांनी मोबाइल काढले.

मी म्हणाले, "साहेब, केवायसीचा अर्ज आहे. माया आंगठा जमत नाई. नाव कटन म्हन्तात."

"होते ना तुमचं काम. करून टाकू. आधी बोलून दाखवा. त्या व्हिडिओत बोलल्या तसंच. आंगठा वर करून."

मी बोलून दाखवलं.

हे तीन शब्द लिहायला मला चार दिवस लागले. लोकांनी माझं काय केलं ते मी पहिल्या दिवसापासून सांगत आले. शेजारणीला सांगितलं, शाळेत सांगितलं, बसस्टॉपवर अनोळखी बाईलाही सांगितलं. मी काय केलं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मी उजव्या हाताचा अंगठा तोंडासमोर धरला आणि त्यांना हवं ते वाक्य हव्या त्या आवाजात म्हटलं.

"माया आंगठा माया नाई म्हन्ते मशीन. मंग हा कोनाचा आंगठा लावून राह्यली मी?"

हशा पिकला. मॅडम म्हणाल्या, "अय्या, सेम टू सेम!" मी थांबले नाही. त्या व्हिडिओत नसलेलं पुढचं वाक्यही बोलायला लागले. पण तोवर मोबाइल खाली गेले होते. दोघं आपापल्या टेबलाकडे वळले होते. बाबूने अर्ज उचलून माझ्या हातात परत दिला. "हे इथं नाई होत, मावशी. रेशन दुकानावरच होते. तिथंच आंगठा लावा."

मी म्हणाले, "हाव साहेब." आणि जिना उतरले. खाली आल्यावर लक्षात आलं की माझ्या तोंडावर अजून हसू आहे. त्यांच्याबरोबर मीपण हसले होते. मला माझीच किळस आली.

मी कोण ते सांगते. नाव सांगत नाही. नाव आडनावासकट त्या व्हिडिओखाली टाकलेलं आहे, तेवढं पुरे.

मी एका शाळेत खिचडी शिजवते. मी आणि बेबीताई, दोघी. खिचडीचे दोन मोठे पातेल्यासारखे गंज, एक वरणाचं भगोणं, पोरांची ताटं. आता गॅस आहे, आधी चूल होती. चुलीवरचे गंज बुडाला काळे ठिक्कर व्हायचे, ते राख आणि तारेच्या घासणीने घासायचे. खूप वर्षं घासले. त्यात बोटांची टोकं गुळगुळीत झाली. अंगठा उजेडात धरला तरी त्यावर रेघ दिसत नाही. काचेसारखा साफ.

दहावी झालेली आहे. आणि मला एक रोग आहे. मला मत असतं. भांडी घासून झाली की शाळेतला पेपर घेऊन मी व्हरांड्यात बसते. गुरुजींचा वाचून झालेला असतो, घड्या पडलेल्या असतात. मी पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत सगळा वाचते. मग बेबीताईला ऐकवते. बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं तेव्हा मी तोंडभरून चांगलं म्हटलं. पण दुपारची बसच बंद झाली तर अर्धं कशाचं घ्यायचं, हेपण म्हटलं. टीव्हीवरच्या बातम्यांत सहा माणसं सहा चौकोनांत बसून भांडतात, त्यातलं एकही आमच्या नळासाठी कधी भांडलं नाही. दवाखान्यात चिठ्ठी काढायची एक रांग, डॉक्टरची दुसरी, गोळ्यांची तिसरी. तिसरीत नंबर लागेपर्यंत ताप आपसूक उतरतो. आणि मालिकांतल्या बाया! डोक्यापासून पायापर्यंत दागिने, दिवसभर स्वयंपाकघरात उभ्या, पण एकीच्या साडीला फोडणीचा डाग नाही. त्यातली एक तरी बाई रेशनच्या रांगेत उभी दाखवा म्हणते मी.

बेबीताई हसायची. "तू पेपरात काऊन नाई जात वं? इथं कायले गंज घासून राह्यली?"

तिच्या हसण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती ऐकून हसायची.

माझ्या बापाचा घरात एक नियम होता. या घरात कोणी अंगठा लावायचा नाही. आजोबांनी दीक्षा घेतली, देव्हारा नदीत सोडला, पण अक्षर त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. बाप लहानपणीच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. तिथं हजेरीच्या वहीवर अंगठा लागायचा. तिथला मुनीम माझ्या बापाचं मनगट धरायचा, अंगठा शाईत दाबायचा आणि वहीवर आपटायचा. स्वतःचा हात स्वतःला नेता येत नाही का, असं बापाला वाटायचं. मोठेपणी तो शेजारच्या पोराकडून सही शिकला. लग्न झाल्यावर आईला शिकवली. आईची सही वाकडीतिकडी होती, वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर जायची, पण ती सहीच होती. बापाच्या घरात वाढलेली मी. आणि सरकारने मला सांगितलं, सही चालत नाही, अंगठा लाव.

तरी मी तयार झाले. वाद घालून पोट भरत नाही. रेशन कार्डावरच्या प्रत्येकाने केवायसी करायची, नाही केली तर नाव कटतं, असं कळलं. नवऱ्याचा अंगठा पहिल्या फटक्यात जमला. जिनिंगमध्ये गाठी उचलतो, पण त्याचा जमला. मुलीचा जमला. माझा नाही. आधार केंद्रावर दोनदा गेले. तिथंही तेच बोट. मोबाइलवर तोंड दाखवूनही होतं म्हणाले. मुलीने करून पाहिलं. एक गोल नुसतं फिरत राहिलं.

रांगेतल्या बायांकडे पुष्कळ उपाय असतात. अंगठा केसांत घासायचा, तेलकट होतो म्हणून. मग पदराला पुसायचा. कोणी लिंबाची फोड घेऊन येते. कोणी क्रीमची डबी आणते, ती रांगभर फिरते. लग्नात अत्तर फिरवतात तशी. एका म्हातारीने मला सांगितलं, "आंगठ्याले आठ दिस पान्यात नको घालू, रेघा उगवतात." मी तेपण केलं. आठ दिवस बेबीताईने माझ्या वाटची भांडी घासली. मी अंगठ्याला तेल लावून चिंधी बांधली आणि शाळेत डाव्या हाताने वाढलं. अंगठा सुटीवर गेलाय असं आम्ही म्हणायचो.

नवव्या दिवशी दुकानात गेले. दुकानदाराने माझा अंगठा चिमटीत धरला आणि मशीनवर दाबला. एकदा, दोनदा, पाच वेळा. दाबताना नख पांढरं पडलं. माझा बाप मला आठवला. मशीनने लाल दिवा दाखवला. "नाई जमत, बाई," दुकानदार म्हणाला. "पुढच्या यादीत नाव कटते मंग. माया हातात नाई."

त्याच वेळी तो माइकवाला आला.

त्याला आमच्या भागात सगळे ओळखतात. मोबाइलवर त्याचं चॅनल आहे. घरचं बरं आहे, काका पुढारी आहे, अंगात पांढरा शर्ट, मागे कॅमेरा धरणारा एक माणूस. गावात कोणाचं काय उघडं पडलं की हा तिथं हजर. रांगेतल्या बाया पदर तोंडावर ओढून मागे सरल्या. तो माझ्याजवळ आला, कारण मीच तेवढी सरले नाही.

"मावशी, रेशनबद्दल तुमचं मत काय?"

माझं मत! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं. नवऱ्याने कधी विचारलं नाही, हेडमास्तरांनी नाही, ज्यांना निवडून दिलं त्यांनी तर नाहीच. मी पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला. बोलायला लागले. चार मिनिटं तरी बोलले असेन. शाळेच्या गंजांचं सांगितलं. अंगठ्याच्या सुटीचं सांगितलं. अंगठा कॅमेऱ्यासमोर धरून गुळगुळीत कातडी दाखवली, हा कोनाचा आंगठा लावून राह्यली मी, असंही म्हटलं. आणि मनात कितीतरी दिवस घोळलेलं बोलले: "ज्याइचे हात कामानं झिजले त्याइलेच हे धान्य लागते. अन त्याइचाच आंगठा जमत नाई. ज्याइच्या आंगठ्याच्या रेघा शाबूत हाय, त्याइले रेशनची गरजच नाई. मंग हे मशीन कोनाची परीक्षा घेऊन राह्यली?"

रांगेतली एक बाई मागून म्हणाली, "बरोबर बोल्ली!" मला केवढं बरं वाटलं.

मी त्याला विचारलं, "पुरं दाखवान ना, भाऊ?"

"पुरं म्हंजे पुरं, मावशी. उद्या पाहा. नाव सांगा पुरं."

मी पुरं नाव सांगितलं. आडनाव नीट ऐकू गेलं की नाही म्हणून परत सांगितलं. केवढी मूर्ख! मला वाटलं, नाव असलं की वजन पडतं. घरी येऊन त्या दिवशी मी खुशीत वांग्याचं भरीत केलं. मुलीला म्हटलं, "उद्या तुया मोबाइलवर तुयी आई येते, पाहजो."

आले.

पंधरा सेकंद. मुलीनेच मोजले. फक्त अंगठा आणि ते एक वाक्य. आवाज चिरका केलेला, मागून ढोलकी, मध्ये माणसांचा खदाखदा हसण्याचा आवाज. माझा अंगठा मोठा होत होत सगळा पडदा भरून टाकत होता. वर लिहिलं होतं, "अंगठेबहाद्दर मावशीची मशीनला टक्कर!" अंगठेबहाद्दर. मला. माझ्या बापाच्या घरातल्या मला.

खालचं वाचू नको, मुलगी म्हणाली. मी वाचलं. वाचायचा रोगच आहे. "मावशी रॉक्स" वगैरे पुष्कळ होतं, ते जाऊ द्या. पण कोणीतरी आडनाव वाचलं होतं. "यांना सगळं फुकटच लागतं." त्याखाली दुसरा, "यांचे लाड आपल्या टॅक्समधून." यांना म्हणजे कोणाला हे लिहायची गरज पडली नव्हती. वाचणाऱ्या सगळ्यांना कळलं होतं. मलाही.

दोन दिवसांत त्याचं स्टिकर झालं. माझं तोंड, तोंडासमोर अंगठा, खाली शब्द: "मंजूर!" लोक एकमेकांना हो म्हणायच्या ऐवजी माझं तोंड पाठवायला लागले. जेवायला येतो का? मी. पैसे मिळाले का? मी. शाळेच्या ग्रुपवर हेडमास्तरांनी सुटीची सूचना टाकली, त्याखाली एका मॅडमने मला टाकलं. त्यांना माहीत होतं की त्या ग्रुपचं गुरुजींकडून मला ऐकायला मिळतं. किंवा नसेल माहीत. मी त्यांच्या शाळेत रोज येते हेही त्यांच्या ध्यानात नसेल. ज्या ॲपने माझं तोंड ओळखायला नकार दिला, त्याच मोबाइलवरून सगळं वर्धा मला ओळखत होतं.

मुलगी बी.एस्सी.ला आहे. कॉलेजात तिला कोणीतरी ते स्टिकर पाठवलं. पाठवणाऱ्याला माहीत नव्हतं की ही तिची आई आहे. तिनेही सांगितलं नाही. घरी येऊन बॅग फेकली आणि एवढंच म्हणाली, "आई, तू काऊन बोल्ली?"

मत विचारलं म्हणून बोलले, असं म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही. शनिवारी मी बाजारातून येताना तिच्या कॉलेजजवळून यायची आणि आम्ही दोघी मिळून घरी जायचो. त्या शनिवारी सकाळीच ती म्हणाली, "तू सरळ घरी जाजो. मी येतो मायी मायी." मी सरळ घरी आले. अख्ख्या रस्त्यावर मला कोणी हसलं नाही. तरी मी मान खाली घालून चालले.

माइकवाल्याचा नंबर व्हिडिओखालीच होता. मी फोन लावला. तो खूश झाला. "मावशी! तुमी तं फेमस झाल्या ना. थँक्यू म्हना उलट."

"भाऊ, तुमी पुरं टाकतो म्हटलं होतं."

"पुरं कोन पाहते, मावशी? तुमी पाहता काय कोनाचं पुरं?"

मी फोन ठेवून दिला. कारण मी पाहत नाही. खरं सांगते. मागे एका म्हाताऱ्याचा व्हिडिओ आला होता, बँकेच्या दारात तो कोणाशी तरी भांडत होता, भांडता भांडता त्याचं धोतर सुटतं. मी आणि बेबीताई पोट धरून हसलो होतो. चारदा पाहिला. तो म्हातारा कशासाठी भांडत होता हे आम्ही दोघींनी एकदाही विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं. आता तो व्हिडिओ सापडत नाही.

नवरा म्हणाला, "जाऊ दे. आठ दिवसांत लोक इसरतीन." तो शांत माणूस आहे. जाऊ दे हे त्याचं सगळ्या रोगांवरचं औषध आहे. पण मला विसरलेलंही नको होतं. मी बोललेलं ऐकलेलं हवं होतं. आणि यादी जवळ येत होती. नाव कटलं की माझ्या वाटचं धान्य जाईल, हे तर होतंच. पण त्याहून मोठं मला वाटत होतं ते असं, की कार्डावर नवरा राहील, मुलगी राहील आणि मी त्या घरात राहतच नाही असं सरकारच्या कागदावर होईल. जिवंत माणसाचं नाव, त्याचा अंगठा गुळगुळीत आहे म्हणून कापायचं!

म्हणून अर्ज लिहिला. स्वतः लिहिला, सुवाच्य अक्षरात, खाली सही केली. आणि त्या ऑफिसात गेले. तिथं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

त्या दिवसापासून एकच गोष्ट मला खायला लागली. माझ्या बापाचं मनगट तरी मुनीम धरायचा. माझं कोणी धरलं नव्हतं. मी आपल्या हाताने अंगठा वर केला होता, काम होईल म्हणून. आणि काम झालं नव्हतं. बाप असता तर काय म्हणाला असता, हे मी मनात येऊच देत नव्हते. बापाचा फोटो भिंतीवर आहे, त्या भिंतीकडे तोंड करून जेवत नव्हते.

आठवड्याभराने शाळेत तपासणीला साहेब आले. खिचडीची चव पाहायची, चवीच्या रजिस्टरवर सही करायची, पोरांसोबत फोटो काढायचा, असं काम असतं. पोरं व्हरांड्यात दोन रांगांत बसली होती. मी वाढत होते. एका हातात बादली, एका हातात मोठा डाव. साहेबांनी चमचाभर खिचडी खाल्ली, छान म्हणाले. मीठ बरोबर होतं, ते मलाही माहीत होतं.

हेडमास्तर म्हणाले, "साहेब, ह्या आमच्या मावशी. तो व्हिडिओ पाहिला असेल तुम्ही. आंगठ्याचा."

साहेबांचे डोळे चमकले. "अच्छा, ह्याच का त्या! अरे वा. माझी बायको रोज तेच स्टिकर पाठवते मला. बोला ना मावशी, होऊन जाऊ द्या."

त्यांनी मोबाइल काढला. हेडमास्तर बाजूला सरले, फोटोत अडचण नको म्हणून. पोरांना कळलं. पोरं रोजच मला पाहून अंगठे दाखवायची. पोरंच ती, मी हसून सोडून द्यायची. आता दोन्ही रांगांतले अंगठे एकदम वर गेले. "मावशी, आंगठा! मावशी, आंगठा!"

त्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी होती. दुसरीत आहे. तिच्या आजीचाही अंगठा जमत नाही. माझ्याच मागे रांगेत उभी असते ती म्हातारी. आणि ही पोर अंगठा वर करून खिदळत होती. तिला काय शिकवून राहिलो आपण? की रेशनचं गाऱ्हाणं सांगणारी बाई म्हणजे हसायची गोष्ट. उद्या तिचं काही अडलं तर ती तोंड उघडेल का? राग आला होता मला. पण रागापेक्षा भीतीच जास्त होती, ते कबूल करते. डावातली खिचडी मी परत बादलीत टाकली.

मी म्हणाले, "नाई बोलत."

साहेबांना ऐकू गेलं नाही. हेडमास्तरांना गेलं. "काय झालं, मावशी? तिकडं ऑफिसात तर बोलून दाखवलं ना तुम्ही. तोपण व्हिडिओ आलाय ग्रुपवर."

तोपण आला होता. मला माहीत नव्हतं.

"तिथं बोल्ली, सर. ते चुकलं मायं. आता नाई बोलत."

"अहो मावशी, मजेत घ्या," साहेब म्हणाले. "तुम्हाला कोणी वाईट थोडंच म्हणतंय?"

"साहेब, मायं नाव कटून राह्यलं. मले मजा नाई येत."

मग माझ्याच तोंडून निघालं, "बोलन तं पुरं बोलन. चार मिनिटं लागतात. उभं राहून ऐकता काय?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. खरंच पाहिलं. "पुढं दोन शाळा आहेत हो अजून."

"मंग अर्धंही नाई."

मी पोरांकडे वळले. "आंगठे खाली करा रे. खिचडी थंडी होऊन राह्यली."

पोरांनी हात खाली घेतले आणि जेवायला लागली. मी शेवटच्या पोरापर्यंत वाढत गेले. साहेब कधी गेले ते पाहिलं नाही.

याला कोणी विजय वगैरे म्हणू नये. संध्याकाळी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. आवाज गोड होता. "पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे, मावशी. तुमच्या कामासाठी दोघी जणी विचारून गेल्या. मी काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, "तुमी ठरवा." बाहेर बेबीताई उभी होती. ती चिडली होती. "कायले बोल्ली वं? हसून देल्लं असतं तं मिटलं असतं ना. आता तुयासंग मायंही जाते." तिचं चूक नव्हतं. तिच्याही घरी चूल आहे. मला तिला समजावता आलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून भांडी घासताना ती बोलेनाशी झाली. पेपर व्हरांड्यात पडून असतो. मी वाचते, पण ऐकवायला कोणी नाही.

मुलीला तो शाळेतला प्रसंग कळला. ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली, तेवढंच. मोबाइल मात्र उलटा ठेवला होता.

काल मी परत रेशन दुकानात गेले. दुकानदाराने अंगठा दाबला. लाल दिवा. परत दाबला. लाल दिवा.

"नाई जमत, बाई. सरा बाजूले."

मी म्हटलं, "लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच. का ही बाई आलती, आंगठा लावला, मशीननं घेतला नाई. खाली तारीख टाका अन सही करा."

"असं लिहून देत नसते."

"मंग मी सरत नसते."

त्याने कपाळाला हात लावला. मागे रांग होती. माझ्याच मोहल्ल्यातल्या बाया. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागून आवाज आला, "सर ना वं बाई, ऊन डोक्यावर आलं." दुसरी म्हणाली, "हिले व्हिडिओत येयाची सवय लागली." हसल्या. मागे कोणीतरी मोबाइल वर धरला होता, तो मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. मला रडू आलं. मी रडले. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिले आणि रडले, पण सरले नाही. दुकानदाराने लिहून दिलं नाही. दुपारी त्याने माझ्यासमोर शटर खाली ओढलं आणि रांगेतल्या बाया माझ्या नावाने बोटं मोडत घरी गेल्या. मीही कागदाविना घरी आले.

माझ्याने काय होणार आहे, मला कळतं. यादी वर्ध्यात बनत नाही. ती कुठे बनते हे दुकानदारालाही माहीत नाही, बाबूलाही नाही. कदाचित ती बनलीही असेल. कदाचित हे लिहिते आहे तोवर माझं नाव गेलंही असेल. शाळेचं कामही जाईल. तो नवा, रडण्याचा व्हिडिओ आज ना उद्या फिरेल, त्यालाही कोणी ढोलकी लावेल. हे सगळं मला थांबवता येत नाही.

पण मी उद्या परत जाणार आहे. परवाही जाईन. ज्याला हसायचं त्याने हसावं, ज्याला काढायचा त्याने व्हिडिओ काढावा; मी कोणासाठी बोलून दाखवणार नाही. नाव कापायचंच असेल तर कारण कागदावर लिहा, खाली तुमची सही करा आणि तो कागद माझ्या हातात द्या. तोवर त्या खिडकीसमोरून मी हलणार नाही.